घोंगडीत कुत्र्याचाही वाटा असतो

कुत्र्यांवर माझा जीव आहे. नव्या गावात शिरले की आधी तिथल्या कुत्र्यांशी ओळख होते, मग माणसांशी. पारावर कोण बसलंय हे मला नंतर कळतं, पाराखाली कोण पसरलंय ते आधी दिसतं. घरी चिंगी आहे. पिवळसर अंगाची, एक कान ताठ आणि एक दुमडलेला, जन्म रस्त्यावरचा आणि मुक्काम आता दिवाणावरचा. मी वेबसाइट बनवण्याचं काम करते. दिवसभर टेबलाशी बसलेली असते आणि ती माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपते. पाय बधिर होतो, पण हलवत नाही. त्या हनुवटीच्या वजनाइतका भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकलेला मला आठवत नाही.

जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली ‘सायन्स’ मासिकात एक अभ्यास छापला होता. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात जे संप्रेरक काम करतं, तेच. माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र असं काही घडलं नाही. वाचून मला फार बरं वाटलं होतं. चिंगी माझ्याकडे टक लावून बघते तेव्हा दोन्हीकडे काहीतरी भरून येतं, हे मला आधीपासून ठाऊक होतंच. आता कुणी मोजलंसुद्धा होतं.

साताऱ्याच्या माण तालुक्यात मी पहिल्यांदा थांबले तीही कुत्र्यामुळेच. दहिवडीकडून म्हसवडकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या माळावर मेंढरं चरत होती, आणि मेंढरांच्या आणि माझ्या गाडीच्या बरोब्बर मध्ये एक काळा-पांढरा कुत्रा येऊन उभा राहिला. भुंकला नाही, शेपटी हलवली नाही. नुसता उभा. गळ्यात जाड पट्टा, आणि पट्ट्यातून बाहेर डोकावणारे लोखंडी खिळे. मी गाडी थांबवून खाली उतरले. चिंगीसाठी घेतलेली बिस्किटं खिशात होती, ती दाखवली. त्यानं बिस्किटाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघत राहिला. मागून मेंढपाळ मामांनी हाक मारली, “राण्या, असू दे.” तेव्हा कुठे तो बाजूला झाला, बिस्किट खाल्लं आणि पुन्हा जागेवर गेला.

तो पट्टा लांडग्यासाठी असतो. लांडगा धरतो तो गळा, आणि खिळे लागले की सोडतो. दख्खनच्या माळरानांवर अजून लांडगे आहेत, आणि धनगरांच्या वाड्यावरची, म्हणजे मेंढरांसकट फिरत्या मुक्कामावरची, कुत्री त्यांना नुसत्या वासावरून ओळखतात. दिवसा ही कुत्री झोपाळू वाटतात. खरं काम रात्रीचं. मेंढरं वाघरीच्या जाळीत बसली की कुत्री चारी बाजूंना पांगून पडतात, प्रत्येकाची जागा ठरलेली. मामा म्हणाले, “कोण कुठं झोपायचं ह्ये आमी शिकवत न्हाय. आईचं बघून पिल्लू शिकतं.” पिल्लं कोकरांतच वाढतात, त्यांच्या अंगावर लोळतात, शेळीच्या दुधावर पोसली जातात. मोठं झाल्यावर त्यांना मेंढरू परकं वाटतच नाही. भाकरी भाजली की पहिला तुकडा कुत्र्याचा, हा वाड्यावरचा रिवाज मी पुढे कितीतरी वेळा बघितला. त्यात उपकाराचा सूर नव्हता. हिश्श्याचा होता.

आपल्याकडे कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा आहे, याचा मला नेहमी अभिमान वाटतो. दत्ताच्या भोवती चार कुत्रे आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि त्याला वाहिलेले भक्त, वाघ्या, तर स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवतात, कोटंब्यातून, म्हणजे भिक्षेच्या भांड्यातून, भिक्षा घेतात. याच खंडोबानं बाणाईसाठी तिच्या बापाघरी मेंढरं राखली, अशी धनगरांची कथा आहे. नामदेव कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, आणि धर्मराजानं कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला. खाली कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर इथे एक शिलालेख सापडला, इसवी सन 949-50 च्या सुमाराचा. रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याचा तो स्मारकदगड आहे. त्यावर कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर भिडलेले कोरलेत. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या कुत्र्याचं नाव दगडात राहावं म्हणून पाथरवट बसवला. त्या माणसाशी माझं लगेच जुळलं असतं.

राण्याच्या मामांच्या खांद्यावर घोंगडी होती. दुपार तापलेली आणि खांद्यावर लोकर! मी हात लावून बघितली. खरखरीत, काळीभोर, मेंढराच्या वासाची. कुणी विणली विचारलं तर म्हणाले, लोकर आमच्याच मेंढरांची, विणली सनगरानं. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारे. आणि गावाचं नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी त्या सनगर अण्णांच्या दारात उभी होते. वेबसाइट बनवायची म्हणून मी गेले नव्हते. राण्या ज्यांची राखण करतो त्या मेंढरांच्या अंगावरचं पुढे काय होतं, ते बघायचं होतं.

घोंगडी होताना बघणं म्हणजे एक अख्खा दिवस जातो आणि काम जेमतेम एक पाऊल पुढे सरकलेलं असतं. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली कातर म्हणजे जावळ. ती सगळ्यात मऊ, तिची घोंगडी महाग आणि मानाची. कातरलेली लोकर निवडायची, काटेकुटे काढायचे, कमानीनं पिंजायची. कमानीची तात लोकरीत वाजत राहते आणि पुंजके उडून हलके होत जातात. मग बायका चरख्यावर सूत काढतात. अण्णांच्या घरात हे काम आक्कांकडे. त्यांच्या अंगठ्याच्या कडेला सुतानं पडलेली बारीक खाच मी बघितली आहे. सुताची जाडी त्या डोळ्यांनी बघत नाहीत, बोटातून सरकू देतात आणि बोलत बसतात.

मग खळ. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून त्याची चिकट पेज करतात. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे उभे धागे, ताणलेला असतो आणि अण्णा लांब कुंच्यानं त्यावर खळ चढवत पुढे-मागे चालतात. सुताचे सुटे केस बसतात, धागा कडक होतो, मागावर तुटत नाही. गल्लीभर आंबूस वास सुटतो. त्या दिवशी ताण्याच्या सावलीत, बरोब्बर मधोमध, गल्लीतलं एक पांढरं कुत्रं येऊन झोपलं. खळीचे थेंब त्याच्या पाठीवर पडत होते. अण्णा त्याच्यापाशी आले की कुंचा जरा उचलायचे आणि पुढे गेल्यावर पुन्हा टेकवायचे. चालीत खंड नाही, तोंडानं हड् नाही. मी विचारलं, “अण्णा, उठवत नाही त्याला?” म्हणाले, “पडू दे की. ऊन हाय.”

तिथेच माझं ठरलं, या माणसांसाठी काम करायचं.

आता अडचण काय होती ते सांगते. घोंगडीला गिऱ्हाईक नाही असं नाही. पण जे होतं ते जत्रेत, बाजारात, आणि आलं तर दारात. यंत्रावरची चकचकीत ब्लँकेटं स्वस्त झाली तशी गावातली मागणी आटली. त्याच वेळी मेंढपाळांनाही लोकरीचे पैसे होईनात. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही म्हणून कितीतरी ठिकाणी लोकर माळावर टाकून देतात. मटणाला भाव आहे, म्हणून लोकरीची दख्खनी मेंढी कमी करून जतकडची माडग्याळ ठेवायची, असा ओढा वाढतोय. ती अंगानं मोठी, पण तिच्या अंगावर लोकर नावापुरती. दख्खनी मेंढी गेली की अण्णांचा माग आपोआप थांबणार. वेबसाइट हे काही यावरचं रामबाण औषध नव्हे, हे मला कळतं. पण पुण्या-मुंबईत, बंगळुरात, अगदी परदेशातसुद्धा अशी माणसं आहेत की ज्यांना खरी घोंगडी हवी आहे आणि ती कुणाकडे मिळते ते माहीत नाही. त्या दोन टोकांमधली गाठ मला बांधता येत होती.

काम माझ्या नेहमीच्या धंद्यातलं, तरी प्रत्येक पायरीवर नवं होतं. काळ्या घोंगडीचा फोटो काढणं हीच एक विद्या आहे. काळी लोकर उजेड गिळून टाकते. कॅमेऱ्याला ती अंधारी जागा वाटते, मग तो सगळंच उजळ करतो आणि घोंगडी राखाडी दिसते. दुपारच्या उन्हात धागे तळपतात, वीण दिसत नाही. शेवटी सकाळी, ओसरीच्या कडेला, एका बाजूनं येणाऱ्या उजेडात ठेवली आणि कॅमेऱ्याचा उजेड मुद्दाम कमी केला, तेव्हा वीण उठून आली. काळ्यातसुद्धा तपकिरी झाक असते, मेंढराच्या पाठीवर ऊन लागून आलेली. तो रंग लोकांना दिसावा म्हणून मी फार खटपट केली. दख्खनी लोकरीला रंग द्यावा लागत नाही. काळं मेंढरू तर काळी घोंगडी, पांढरं तर पांढरी, आणि मधल्या छटा निवडून पट्टे.

मग मापं. अण्णा हातानं मोजतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. वेबसाइटला सेंटिमीटर लागतात. दोन्ही लिहिले, आणि हात आधी. प्रत्येक घोंगडी वेगळी म्हणून प्रत्येकीचं वेगळं पान, वेगळे फोटो, खरं वजन. तयार दुकानाच्या साच्यात ‘साठा’ नावाची जागा असते, तिथे शंभर-दोनशे असे आकडे भरायचे असतात. आमच्याकडे तिथे कायम 1. ती विकली की ते पान पुसायचं नाही, ‘गेली’ एवढं लिहून ठेवायचं. अण्णांना ते आवडलं. आपण विणलेलं कुठे गेलं, याची नोंद त्यांच्या घरात पहिल्यांदाच राहत होती.

पैसे थेट विणकराच्या खात्यात, यूपीआयनं. मधे मी नाही. ऑर्डर आली की व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत मेसेज जातो, कारण पासवर्ड टाकून आत जाऊन बघा असं मागावर बसलेल्या माणसाला सांगणं मला पटत नाही. त्याचे पाय मागाखालच्या खड्ड्यात असतात आणि हात धोट्यावर. पानं हलकी ठेवली. माळावर नेटवर्क असतं-नसतं, तिथेही उघडली पाहिजेत.

टोचते हे पहिल्याच ओळीत लिहायचा मी आग्रह धरला. घोंगडी टोचते. तिला मऊ म्हणून विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, आणि घोंगडीचा अपमानही. तिचे गुण वेगळे आहेत. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल पिताना थोडी ऊब सोडते. म्हणून पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर उभा राहू शकतो. थंडीत पांघरायला, उन्हात सावलीला, खाली अंथरायला, आणि बिरोबाच्या देवळात मानानं खांद्यावर टाकायला तीच. एवढं करणाऱ्या वस्तूनं जरासं टोचलं तर टोचू दे. सारखी धुवायची नाही, उन्हात टाकायची, कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला ठेवायचा, हेही आक्कांच्या शब्दांत लिहिलं.

नावांवरून मात्र आमची मोठी चर्चा झाली. माझं म्हणणं, विणकराचं नाव प्रत्येक घोंगडीखाली हवं. जून 2025 मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता, आणि आपल्याकडून ओरड झाल्यावर कंपनीनं ते मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. मानांकनानं प्रदेशाचं नाव राखलं जातं. पण ती चप्पल ज्या हातानं शिवली त्या हाताचं नाव कुठेच नसतं. मला ते हवं होतं.

अण्णा म्हणाले, “माझं एकट्याचं कसं? सूत हिनं काढलंय.” म्हणून आक्कांचं नाव आलं. आक्का म्हणाल्या, “लोकर चांगली म्हणून सूत चांगलं.” म्हणून मेंढपाळ मामांचं आलं. आणि वाड्यावर जाऊन मामांना पान दाखवलं तर त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “राण्याचं न्हाय व्हय? त्यो हाय म्हणून मेंढरं हायती.”

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय बोलावं सुचेना. हे मी किती दिवस मनात धरून होते! पण लोकांना बालिश वाटेल म्हणून बोलले नव्हते. आणि ज्याचा सगळा संसार त्या मेंढरांवर चालतो तो माणूस हे हिशेबाची बाब म्हणून सांगत होता. लांडग्यानं एका रात्री कळपात शिरून घातलेला घोळ ज्यानं बघितलाय, त्याला कुत्र्याचा वाटा समजावून द्यावा लागत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक घोंगडीखाली चार ओळी आहेत: विणणारा, सूत काढणारी, मेंढरं राखणारा, आणि वाड्यावरची कुत्री, नावानिशी. राण्या, वाघ्या, मोती, सरदार आणि काळी. आतकूरच्या दगडावरची काळी मला त्यात दर वेळी आठवते.

राण्याचा फोटो काढायला तीन माणसं लागली. मामा त्याला हाक मारत होते, त्यांचा मुलगा मेंढरं मागे वळवत होता आणि मी पोटावर पडून कॅमेरा धरला होता. उभ्या माणसानं वरून काढलेल्या फोटोत कुत्रा लहान आणि बापुडवाणा दिसतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उतरलं की तो जसा आहे तसा दिसतो. राण्याच्या एका कानाची कड फाटलेली आहे, नाकावर जुना व्रण आहे, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे, मेंढरांवर. तो फोटो मी जराही सुधारला नाही.

कुत्र्यांची नावं आली तशी त्यांची काळजीही आली. फिरत्या वाड्याची कुत्री लसीकरणातून निसटतात. दिवाळीच्या आसपास वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतात, आणि पावसाच्या तोंडावर सगळे परततात. ज्या गावात लसीचं शिबिर लागतं तिथे वाडा त्या दिवशी नसतोच. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची, आणि पुढे दर वर्षी. एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना नेमानं लस मिळाली तर तिथे रोगाची साखळी तुटते, असं जाणकार सांगतात. 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा, असं देशाचं धोरणही आहे. मग अण्णांनीच सुचवलं की प्रत्येक घोंगडीमागे थोडे पैसे बाजूला काढायचे, आणि वाडे खाली उतरायच्या आत गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना माळावर न्यायचं. पहिल्या वेळी मीही गेले. राण्या सुईला एवढंसंही हलला नाही. वाघ्यानं मात्र आकांत केला आणि सगळ्यांना हसवलं. मी प्रत्येकाचं डोकं मांडीवर धरलं. घरी आले तेव्हा चिंगीनं माझे कपडे पायांपासून खांद्यापर्यंत हुंगले, अगदी सावकाश, जणू पाचही जणांची हकीकत तिला नीट समजून घ्यायची होती.

वेबसाइट चालू लागली. फार नाही, पण माग थांबत नाही एवढी. शेजारच्या गल्लीतले आणखी दोन विणकर जोडले गेले, आणि मामांनी या हंगामात लोकर टाकून दिली नाही. लोकांचे मेसेज येतात. घोंगडीबद्दल एक ओळ असते आणि राण्याबद्दल तीन. कुणी विचारतं त्याचं वय किती, कुणी विचारतं कानाला काय झालं. मी सगळं मामांना वाचून दाखवते, आणि ते उत्तरं सांगतात तशी लिहून पाठवते.

मध्यंतरी पुण्याहून एका बाईंचा मेसेज आला. त्यांच्याकडे चौदा वर्षांची कुत्री आहे, सांधे धरलेत, फरशीवर बसवत नाही. तिच्याखाली अंथरायला घोंगडी चालेल का, असं त्यांनी फार संकोचानं विचारलं होतं. कुणी मेहनतीनं विणलेली वस्तू कुत्र्यासाठी घेतली तर विणणाऱ्याला वाईट वाटेल का, ही त्यांची भीती. मी अण्णांना फोन केला. ते मागावर होते, धोट्याचा आवाज येत होता. मी मेसेज वाचला. आवाज थांबला.

“म्हातारी हाय म्हंता?”

“हो अण्णा. चौदा वर्षांची.”

“मग ही नको, ही टोचंल तिला,” अण्णा म्हणाले. “जावळाची हाय एक ठेवलेली, ती द्या. आन् पैसं हिचंच लावा.”